रक्ताची साक्ष : लेखांक सातवा – मायक्रोआरएनए आणि विषाणुज्वराची तीव्रता

गेल्या दोन लेखांकांत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, फेरिटिन आणि डी-डायमर या तीन जुन्याजाणत्या साक्षीदारांची जबानी आपण नोंदवून घेतली, आणि तिच्या अखेरीस एक तक्रार शिल्लक राहिली. शरीरात दाह चालू आहे, किंवा रक्त ठिकठिकाणी गोठून पुन्हा विरघळत आहे, एवढे हे तिघे प्रामाणिकपणे सांगतात. परंतु तो दाह कोणत्या अवयवात आहे, तो विषाणूमुळे उद्भवला की जिवाणूमुळे, आणि मुख्य म्हणजे आज खाटेवर उठून बसलेला रोगी चार दिवसांनी कोणत्या अवस्थेत असेल, या प्रश्नांवर त्यांची जबानी मोघम राहते. विषाणुजन्य ज्वरांत तर वैद्याला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न हाच होय. डेंग्यूचा ताप उतरू लागला की घरची मंडळी नि:श्वास टाकतात, आणि रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका नेमका त्याच एकदोन दिवसांत असतो. कोविडचा पहिला आठवडा बरा गेलेल्या रोग्याचा श्वास दुसऱ्या आठवड्यात अडखळू लागल्याची उदाहरणे महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला नव्याने सांगावयास नकोत. बहुसंख्य रोगी आपोआप बरे होत असता, ज्या थोड्यांवर पुढे प्राणसंकट ओढवणार आहे त्यांना आधीच हुडकून काढणे ज्या परीक्षेला साधेल, ती परीक्षा रुग्णालयातील खाटा, प्राणवायू आणि परिचारिकांचे श्रम या तिन्हींचा बंदोबस्त बदलून टाकील यात संशय नाही. गेली काही वर्षे हा मान मिळवण्यासाठी ज्या नव्या उमेदवाराचे नाव आग्रहाने पुढे केले जात आहे, तो म्हणजे रक्तात फिरणारा मायक्रोआरएनए.

या रेणूंचा शोध रुग्णालयात लागला नाही, की विषाणूंच्या अभ्यासातही लागला नाही. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आणि पारदर्शक देहाचा 'सीनोरॅब्डायटिस एलेगन्स' नावाचा एक कृमी आहे. त्याच्या वाढीचा अभ्यास इतका काटेकोर झालेला आहे की जननपेशी वगळता त्याच्या प्रौढ उभयलिंगी देहात ९५९ पेशी भरतात, हे आकड्यानिशी सांगता येते. या कृमीच्या वाढीचे वेळापत्रक बिघडवणाऱ्या लिन-४ आणि लिन-१४ या दोन जनुकांचा छडा अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन हे दोघे आपापल्या प्रयोगशाळांत लावीत होते. पैकी लिन-४ बिघडले म्हणजे कृमी आपल्या बाल्यावस्थेचेच टप्पे पुन:पुन्हा गिरवीत राही. अँब्रोस यांच्या सहकारी रोझालिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनी हे जनुक वेगळे काढले तेव्हा त्यातून प्रथिन मुळी तयारच होत नाही, अवघ्या २२ अक्षरांचा एक आरएनए तेवढा तयार होतो, असे आढळले. १९९२ च्या जूनमध्ये दोघा शास्त्रज्ञांनी आपापल्या जनुकांची अक्षरमाला एकमेकांस कळवली, आणि लिन-१४ च्या संदेशाच्या शेवटच्या भागात त्या २२ अक्षरांना पूरक अशा जागा एकदा नव्हे तर सात ठिकाणी आहेत, हे दोघांच्याही ध्यानात आले. १९९३ च्या डिसेंबरात हे निबंध प्रसिद्ध झाले, परंतु एका कृमीची खोड म्हणून विद्वज्जनांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. २००० साली रव्हकन यांच्याकडेच लेट-७ हा तसाच दुसरा रेणू सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळतो असे दिसून आले, तेव्हा कोठे या विषयाचे भाग्य उजळले. आज मानवी जनुकसंचात असे हजाराहून अधिक रेणू नोंदले गेले आहेत, आणि २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक अँब्रोस व रव्हकन यांना याच कार्यासाठी मिळाले.

हे रेणू पेशीत कोणते काम करतात ते थोडक्यात पाहू. केंद्रकात डीएनएवरून प्रथम एक लांब आरएनए उतरवला जातो आणि तो स्वत:वरच दुमडतो; ड्रोशा नावाचे विकर हा दुमडलेला भाग छाटून काढते, केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर हे दुसरे विकर त्याची पुन्हा छाटणी करते, आणि उरलेला सुमारे २२ अक्षरांचा तुकडा आर्गोनॉट या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतो. त्याच्या आरंभीची, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची, अक्षरे ज्या संदेशवाहक आरएनएशी जुळतील त्या संदेशावरून प्रथिन घडवण्याचे काम मंदावते, किंवा तो संदेशच लवकर मोडीत निघतो. एकेका मायक्रोआरएनएचा अंमल शेकडो संदेशांवर चालतो, मात्र तो अंमल सौम्य असतो. आपल्या आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक प्रकारच्या पेशीत कोणत्या रेणूची चलती असावी हे ठरलेले आहे: यकृतात मिर-१२२ विपुल असतो, हृदयाच्या स्नायूंत मिर-२०८ए आणि मिर-४९९ असतात, तांबड्या रक्तपेशींत मिर-४५१ए ठासून भरलेला असतो, आणि दाहप्रसंगी चेतलेल्या पांढऱ्या पेशींत मिर-१५५ वाढतो. म्हणून रक्तात अमुक रेणू अधिक सापडला तर तो कोणत्या अवयवातून आला असेल याचा अदमास बांधता येतो, आणि जुन्या साक्षीदारांना जे सांगता येत नाही ते सांगण्याची पात्रता या नव्यात आहे, ती येथेच.

पण आरएनए रक्तात टिकतो हेच मुळी आश्चर्य आहे. आरएनए मोडून टाकणारी विकरे रक्तात सर्वत्र सज्ज असतात, आणि उघडा आरएनए त्यांच्यापुढे अल्पकाळही तग धरीत नाही. २००८ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील एका प्रयोगशाळेने हे कोडे मोठ्या चातुर्याने तपासले. माणसाचा रक्तद्रव, ज्याला आपण प्लाझ्मा म्हणतो, त्यांनी २४ तासांपर्यंत सामान्य तापमानात ठेवून पाहिला, तो आठ वेळा गोठवून वितळवून पाहिला, तरी त्यातील मूळच्या मायक्रोआरएनएत म्हणण्यासारखी घट झाली नाही. नंतर त्यांनी त्याच रक्तद्रवात कृत्रिम रीतीने बनवलेले, वर सांगितलेल्या कृमीचे, म्हणजे माणसात मुळीच नसणारे, मायक्रोआरएनए उघडे सोडले. ते मात्र पाहता पाहता नष्ट झाले. विकरे निष्प्रभ करणारे द्रावण आधी मिसळून मग हेच रेणू घातले तर ते सुखरूप राहिले. अर्थ उघड होता: शरीराचे स्वत:चे रेणू रक्तात उघडे फिरत नसून कशाच्या तरी आश्रयाने फिरत असले पाहिजेत. पुढील तीन वर्षांत हे आश्रय उजेडात आले. काही रेणू पेशींनी बाहेर टाकलेल्या एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांत असतात, काही एचडीएल या स्निग्धप्रथिनाबरोबर जातात, आणि बरेचसे तर मूळच्या आर्गोनॉट प्रथिनाच्या कुशीतच रक्तात उतरलेले असतात. पेशीने बुद्ध्याच धाडलेले रेणू आणि पेशी फुटल्यामुळे सांडलेले रेणू असे दोन्ही प्रकार यांत मिसळलेले असतात, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

विषाणू आणि मायक्रोआरएनए यांच्या संबंधाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पाहावयाचे तर यकृताकडे वळावे लागते. हेपॅटायटिस सी या विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ९६०० अक्षरांचा एक आरएनए. त्याच्या आरंभाशी मिर-१२२ ला चिकटता येईल अशा दोन जागा आहेत. अन्यत्र मायक्रोआरएनए ज्या संदेशाला चिकटतो त्याचे दमन करतो. येथे उलट घडते. मिर-१२२ चिकटल्याने विषाणूच्या आरएनएचे उघडे टोक झाकले जाते, त्याला मोडणाऱ्या विकरांपासून संरक्षण मिळते, आणि विषाणू यकृतपेशीत बिनघोर वाढतो. विषाणूची वाढ मिर-१२२ वर अवलंबून असते हे २००५ साली पीटर सार्नो यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. त्यावरून मिर-१२२ ला जखडून टाकणारे मिराव्हर्सेन नावाचे औषध तयार झाले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ रोग्यांच्या चाचणीत औषधाची मात्रा वाढेल तसा रक्तातील विषाणू घटत गेल्याचे दिसले. विषाणूवर थेट चालणारी सोफोसबुव्हिरसारखी तोंडाने घ्यावयाची औषधे त्याच सुमारास आल्याने हा मार्ग मागे पडला, ही गोष्ट वेगळी.

याच मिर-१२२ ची रक्तातील साक्ष पाहा. २००९ मध्ये उंदरांना पॅरासिटॅमॉलची विषारी मात्रा दिली असता त्यांच्या रक्तद्रवात मिर-१२२ चढतो असे आढळले. २०११ मध्ये जर्मनीतील अभ्यासकांनी जुनाट हेपॅटायटिस सीच्या रोग्यांत रक्तातील मिर-१२२ आणि यकृताचा दाह यांचे प्रमाण एकमेकांशी जुळते असे दाखवले. औषधाने यकृत दुखावले काय किंवा विषाणूने दुखावले काय, साक्ष तीच मिळते. येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. रक्तातील मायक्रोआरएनए विषाणूचे नाव सांगत नाही. विषाणूने, किंवा विषाणूशी लढणाऱ्या शरीराने, कोठे आणि किती नासधूस केली ते तो सांगतो. कोविडसारख्या रोगात विषाणूचे नाव सांगावयास घशातील स्वॅबची परीक्षा पुरेशी आहे. तीव्रतेचा प्रश्न नासधुशीचा आहे, आणि म्हणून मायक्रोआरएनएची खरी जागा निदानात नसून तीव्रतेच्या मापनात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०२० च्या महामारीने या कल्पनेची कसोटी मोठ्या प्रमाणावर घेतली. जर्मनीतील हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या कोविडच्या रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा मिर-२१ आणि मिर-१५५ या दाहाशी निगडित रेणूंबरोबरच हृदयस्नायूंतील मिर-२०८ए आणि मिर-४९९ हेही निरोगी माणसांच्या मानाने वाढलेले दिसले. म्हणजे फुप्फुसाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगात हृदयही दुखावले जात असल्याचा दाखला रक्तातूनच मिळाला. स्पेनमधील येइदा येथील संशोधकांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ८४ रोग्यांचा अभ्यास केला, आणि मिर-१४८ए-३पी, मिर-४५१ए आणि मिर-४८६-५पी या तिघांच्या एकत्रित मापावरून अतिदक्षता विभागातील रोगी आणि साध्या कक्षातील रोगी वेगळे ओळखता येतात असे सांगितले. त्या ओळखीचे गुणांकन ०.८९ भरले. हे गुणांकन असे समजावे: एक गंभीर आणि एक सौम्य अशी रोग्यांची कोणतीही जोडी उचलली असता परीक्षा त्यांतील गंभीर कोण हे किती वेळा बरोबर सांगते, याचे ते माप होय, ०.५ म्हणजे केवळ दैवावर हवाला, आणि १ म्हणजे बिनचूकपणा. ऑस्ट्रेलियातील एका गटाने तर मिर-४२३-५पी, मिर-२३ए-३पी आणि मिर-१९५-५पी या तिघांवरून कोविडचा रोगी आणि निरोगी मनुष्य यांतील भेद ९९.९ टक्के अचूकतेने ओळखल्याचे नोंदवले. त्या अभ्यासातील रोगी १० होते आणि निरोगीही १०.

या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी उलटतपासणी आवश्यक आहे, आणि तिचा आरंभ रुग्णाच्या दंडाशी, रक्त काढणाऱ्याच्या हातातील सुईशी होतो. तांबड्या पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख असतात आणि त्यांत मिर-४५१ए विपुल असतो हे वर सांगितलेच आहे. दंडाला पट्टा अधिक वेळ आवळून ठेवला, सुई फार बारीक घेतली, दट्ट्या जोराने मागे ओढला, किंवा जांभळ्या टोपणाची नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करण्याऐवजी खळाखळा हलवली, तर काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतला ऐवज रक्तद्रवात उतरतो. एरवी गवताच्या काडीसारखा पिवळसर दिसणारा रक्तद्रव मग गुलाबी छटा धरतो. आणि जेथे डोळ्याला छटा दिसत नाही तेथेही ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण मोजले असता हिमोग्लोबिन पकडले जाते. दक्ष प्रयोगशाळा याखेरीज आणखी एक हिशेब करतात: पेशी फुटल्या तरी ज्याचे प्रमाण फारसे बदलत नाही तो मिर-२३ए आणि पेशी फुटताच उसळणारा मिर-४५१ए, या दोघांच्या पीसीआर-आवर्तनांतील अंतर त्या काढतात, आणि ते सातांहून अधिक भरले तर नमुना संशयास्पद मानतात. प्रत्येक आवर्तनात रेणू दुप्पट होतात हे लक्षात घेतले तर सात आवर्तने म्हणजे १२८ पट अंतर झाले.

आता वाचकाने मागील परिच्छेदांतील नावे पुन्हा चाळून पाहावीत. येइदाच्या त्रयीत मिर-४५१ए आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्रयीत मिर-२३ए आहे. म्हणजे नमुन्याची शुद्धता ठरवण्यासाठी ज्या दोघांना पंच म्हणून बसवले, तेच दोघे अन्य ठिकाणी रोगाचे साक्षीदार म्हणून उभे आहेत. यावरून त्या संशोधकांनी निष्काळजीपणा केला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. गंभीर कोविडमध्ये तांबड्या पेशींच्या निर्मितीवर आणि नाशावर खरोखरच परिणाम होत असेल, आणि मग मिर-४५१ए ची साक्ष खरीही असेल. अडचण इतकीच की रोग्याच्या शरीरात फुटलेली तांबडी पेशी आणि नळीत फुटलेली तांबडी पेशी यांच्यातून येणारा रेणू एकच असल्यामुळे, केवळ त्या रेणूकडे पाहून दोहोंत निवाडा करता येत नाही.

दुसरी अडचण औषधांची आहे. गंभीर कोविडच्या रोग्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती असल्यामुळे त्यांना हेपॅरिन देण्याचा शिरस्ता पडला, आणि हेपॅरिन हे पीसीआरमधील विकरांना अडथळा करते हे प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रोगी जितका अत्यवस्थ तितके हेपॅरिन अधिक, आणि हेपॅरिन जितके अधिक तितके माप खोटेच खाली. अशा रीतीने उपचाराचीच छाया रोगाचे लक्षण म्हणून नोंदली जाण्याची शक्यता असते. हेपॅरिन मोडणारे विकर आधी मिसळणे हा त्यावरील उपाय आहे, पण तो प्रत्येक अभ्यासात योजलेला असतोच असे नाही. तिसरी अडचण तुलनेच्या आधाराची. रक्तातील साखर मोजताना एका डेसिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे सांगता येते. मायक्रोआरएनएचे प्रमाण बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी रेणूच्या तुलनेत सांगितले जाते, आणि आजारात तो दुसरा रेणूही जागेवरून हललेला असतो. म्हणून अनेक प्रयोगशाळा नमुन्यात ठरावीक प्रमाणात सेल-मिर-३९ हा रेणू मुद्दाम मिसळतात आणि त्याच्या मापाने आपल्या हातून झालेली घट-तूट ताडून पाहतात. हा रेणू मनुष्यात नाही. तो त्याच एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचा आहे. त्याने प्रयोगशाळेतील घट-तूट कळते, शरीरातील नव्हे, एवढी त्याची मर्यादा.

परंतु या सर्व तांत्रिक अडचणी सुटल्या असे समजले, तरी एक मूलगामी प्रश्न उरतो. अतिदक्षता विभागात पोचलेला रोगी आणि साध्या कक्षातील रोगी यांतील भेद ओळखणे ही ओळख झाली, भाकीत नव्हे. अतिदक्षता विभागातील रोगी कोण, हे सांगावयास रक्ताची परीक्षा लागत नाही, ते त्याच्या खाटेवरून कळते. भाकीत म्हणावयाचे तर ज्या दिवशी सारे रोगी सारखेच दिसतात त्या दिवशी रक्त घेतले पाहिजे, धोक्याची मर्यादा आधीच लिहून ठेवली पाहिजे, आणि मग दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णालयाच्या, ज्यांच्यावरून ती मर्यादा ठरवली नाही अशा रोग्यांत ती लागू पडते का हे पाहिले पाहिजे. शेकडो रेणू एकदम मोजून वीस माणसांत तुलना केली तर त्यांतील काही तरी निव्वळ योगायोगाने दोन गटांत नेमके भिन्न निघतात, हा गणिताचा नियम आहे, आणि त्याला शास्त्रज्ञांची विद्वत्ता अपवाद करू शकत नाही. भिन्न प्रयोगशाळांच्या याद्यांत एकसारखी नावे क्वचितच येतात याचे बरेचसे कारण या नियमात आणि वर सांगितलेल्या नळीच्या कथेत आहे.

शिवाय नव्या परीक्षेला जुन्यांपेक्षा काही अधिक सांगता आले पाहिजे. कोविडमध्ये रोग्याचे वय, बोटाला लावावयाच्या यंत्राने मोजलेला प्राणवायू आणि लिम्फोसाइटची संख्या या तीन गोष्टीच पुष्कळसे सांगून जातात. डेंग्यूत हिमॅटोक्रिट चढत असता प्लेटलेट उतरणे हा धोक्याचा इशारा तालुक्याच्या रक्तपेढीलाही ठाऊक आहे. या माहितीत मायक्रोआरएनएने भर काय घातली, हाच खरा हिशेब. यंत्रसामग्रीची सबब मात्र आता पुढे करता येणार नाही. २०२० च्या जानेवारीत कोविडची पीसीआर परीक्षा करणारी देशातील प्रयोगशाळा पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ही एकच होती; पुढील दोन वर्षांत ही यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली, आणि मायक्रोआरएनए मोजण्यास मूलत: तीच यंत्रे चालतात.

तेव्हा निवाडा असा. ज्या अवयवाचा रेणू निश्चित आहे आणि जेथे त्याच्या वाढीचे कारण समजले आहे, तेथे, म्हणजे यकृताच्या बाबतीत मिर-१२२ आणि हृदयाच्या बाबतीत मिर-२०८ए व मिर-४९९ यांत, या साक्षीदाराचे भवितव्य उज्ज्वल आहे. याद्यांतून निवडलेल्या आणि कारण न कळलेल्या त्रयी-चतुष्टयींची साक्ष मोठ्या व स्वतंत्र पाहणीत टिकेपर्यंत ग्राह्य धरू नये. आज कोणत्याही तापात रोग किती गंभीर होईल हे ठरवण्यासाठी मायक्रोआरएनएची परीक्षा पैसे मोजून करून घेण्याचे कारण नाही. डेंग्यूचा ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, वारंवार ओकारी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, किंवा रोग्याचे विलक्षण सुस्तावणे यांपैकी काहीही दिसले, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.